कारखाना बंद झाला तर पहिल्या दिवसापासून काय करायचं: खान्देशातल्या कामगारांसाठी

आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं त्यानंतर: राजीनाम्यावर सही करू नका.

"बाहेरदेशातला माल आपल्यापेक्षा स्वस्त पडतो, ऑर्डर तुटली, माणसं कमी करावी लागतील," असं सांगून टेबलावर कागद ठेवला जातो. बहुतेकदा मजकूर आधीच टाइप केलेला असतो, फक्त नाव आणि टोकन नंबर हातानं भरायचा बाकी असतो. वाक्य ठरलेलं: 'मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे.' सोबत म्हणतात, सही करा, हिशोब लगेच देतो. घरात पोरांची फी थकलेली असते, हप्ता तोंडावर असतो, माणूस सही करतो. त्या एका सहीनं नुकसानभरपाई जाते, नोटिशीचा पगार जातो आणि ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) बेकारी भत्ताही जातो. हे तिन्ही हक्क ज्याला कामावरून कमी केलं त्याचे आहेत. जो आपण होऊन गेला, त्याचे नाहीत.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होते. हजेरी, पगारपत्रक, पीएफचं चलन, ईएसआयसीची नोंदणी हे सगळं माझ्या हातून जायचं. प्लॅस्टिकचा दाणा (चटईचा कच्चा माल) कितीला आला, लूम (माग) किती चालू, कोणती शिफ्ट रिकामी, हे मला पगारपत्रकावरूनच कळायचं. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग तिसरी शिफ्ट, मग हेल्पर, आणि शेवटी गेटला कुलूप लागलं. आता ओळखीचे-अनोळखी कामगार कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. पाळधीहून येतात, नशिराबादहून येतात, जामनेरहूनही. दारात उभं राहून पहिला प्रश्न एकच: "ताई, आते काय करानं?" त्याचं उत्तर मी इथे लिहिते आहे.

आयातीमुळे काम गेलं, तर वेगळी मदत आहे का?

नाही. हे स्पष्ट समजून घ्या, म्हणजे नसलेली योजना शोधत फिरावं लागणार नाही. अमेरिकेत १९६२ पासून असा कायदा होता. परदेशी मालामुळे काम गेलेल्या तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी सरकार चौकशी करायचं आणि प्रशिक्षण, भत्ता द्यायचं. तिथेही १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना मंजुरी देणं थांबलं आहे. आपल्याकडे आयातीविरुद्ध जे उपाय आहेत, ते कारखानदाराच्या हातातले आहेत. अँटी-डम्पिंग शुल्कासाठी (फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या परदेशी मालावरच्या जादा करासाठी) उत्पादकांनी दिल्लीला वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयाकडे अर्ज करायचा असतो. शुल्क लागलं तरी ते मालाच्या किमतीसाठी असतं. ज्याचं काम गेलं, त्याच्या खात्यात त्यातला रुपया येत नाही.

आपल्याकडे एक जवळची योजना होती, ती कापड गिरण्यांसाठी. १५ सप्टेंबर १९८६ पासून केंद्राची वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू होती. कायमची बंद झालेल्या खासगी गिरणीतल्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत मिळायची. १ एप्रिल २०१७ पासून ती ईएसआयसीच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली. अमळनेर, धुळे, चाळीसगाव, जळगाव ही सगळी गिरण्यांची गावं. त्या घरांतली जुनी माणसं अजून त्या योजनेचं नाव घेतात, म्हणून सांगितलं. आता तिचा अर्ज कुठेच घेत नाहीत.

म्हणजे मदत आहे, पण ती चार-पाच वेगवेगळ्या दारांत विभागलेली आहे, आणि कोणत्याच दारावर 'आयात' असं लिहिलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारतात: तुम्हाला कमी केलं, कारखाना बंद झाला, की तुम्ही सोडून गेलात? त्याचा पुरावा तुमच्या हातात हवा.

पहिल्या आठवड्यात गोळा करायचे कागद

कामावर येऊ नका असं तोंडी सांगितलं, तर त्याच दिवशी अर्ज लिहा. मराठीत, साध्या कागदावर. 'आज अमुक तारखेला मला कामावर घेतले नाही. मी कामावर येण्यास तयार आहे. मला कामावर घ्यावे किंवा कमी केल्याचे लेखी पत्र द्यावे.' ऑफिसनं पोच दिली नाही, तर पोस्टातून नोंदणीकृत पाठवा आणि पावती जपून ठेवा. पुढे मालकाच्या बाजूनं 'तो स्वतःच यायचा बंद झाला' असं म्हटलं गेलं, तर ही पावती तुमच्या बाजूनं बोलते.

मग कागद. नेमणुकीचं पत्र असेल तर उत्तम, नसेल तर घाबरू नका, जळगावात अर्ध्याअधिक कामगारांना ते कधीच मिळालेलं नसतं. त्याऐवजी हजेरी कार्ड, गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, पगार जमा होत होता त्या बँकेचं पासबुक, ईएसआयसीचं ओळखपत्र, पीएफचा यूएएन नंबर, बोनसची पावती, कारखान्याच्या शिक्क्याचा कोणताही कागद चालतो. पासबुक भरून आणा, जितकी जुनी नोंद मिळेल तितकी घ्या. यूएएन आठवत नसेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या, शिलकीचा मेसेज येतो.

हिशोबाचा चेक आला आणि तो कमी वाटला, तरी परत करायची गरज नाही. घ्या, पण पावतीवर स्वतःच्या हातानं लिहा: 'हरकतीसह स्वीकारले, उर्वरित रकमेचा हक्क राखून.' 'फुल अँड फायनल' असं छापलेल्या कागदावर नुसती सही केली की पुढच्या भांडणाचा जोर जातो.

तुमचा आकडा किती होतो

हे नीट वाचा. बहुतेक कामगार इथेच कमी घेऊन घरी जातात, कारण त्यांना स्वतःचा आकडाच माहीत नसतो.

समजा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १३,००० रुपये आणि नोकरी ११ वर्षं ८ महिने. सहा महिन्यांच्या वर गेलेले महिने पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे १२ वर्षं झाली.

ग्रॅच्युइटी: पगाराला २६ नं भागा, १५ नं गुणा, वर्षांनी गुणा. १३,००० भागिले २६ म्हणजे ५००. त्याला १५ नं गुणलं की ७,५००, आणि १२ वर्षांचे ९०,०००. पाच वर्षं सलग झालेली हवीत. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नव्या कामगार कायद्यात, म्हणजे संहितेत, ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना मात्र एक वर्ष पुरतं. कमाल मर्यादा २० लाख आहे, आपल्या पगारात तिथपर्यंत कोणी जात नाही. ३० दिवसांत मिळाली पाहिजे, उशीर झाला तर व्याजासह.

कपातीची (म्हणजे कामावरून कमी केल्याची) नुकसानभरपाई: दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. ६,५०० गुणिले १२ म्हणजे ७८,०००. यासाठी गेल्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलेलं हवं. साप्ताहिक सुट्टी आणि पगारी रजेचे दिवसही त्यात मोजतात, हे विसरू नका.

नोटिशीचा पगार: एक महिना आधी लेखी नोटीस दिली नसेल, तर १३,०००.

पुनर्कौशल्य निधी: हा नवा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकानं १५ दिवसांचा पगार या निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. इथे ६,५००. त्या तारखेआधी काम गेलं असेल, तर १९४७ चा जुना औद्योगिक विवाद कायदा लागतो. त्यात हा निधी नाही, पण १५ दिवसांची भरपाई तीच.

बेरीज १,८७,५००. शिवाय शिल्लक रजेचा पगार (कारखान्यात २० दिवस कामामागे एक दिवस), चालू वर्षाचा बोनस (किमान ८.३३ टक्के) आणि राहिलेला पगार. नव्या वेतन संहितेत राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. आणि यात पीएफ धरलेलाच नाही, तो तुमचाच साठवलेला पैसा आहे. हा आकडा समोर ठेवून बघा, मग 'पंचवीस हजार घ्या आणि सही करा' हे बोलणं कसं वाटतं ते कळेल.

पगाराच्या चिठ्ठीत मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवून बाकी सगळं 'भत्ते' म्हणून दाखवलेलं असतं. नव्या संहितेत वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग पगारातच धरायचा आहे. त्यामुळे ग्रॅच्युइटीचा आकडा वाढू शकतो. चिठ्ठी घेऊनच हिशोबाला बसा.

'तोटा झाला, भरपाई कुठून देऊ' याचं उत्तर

हे वाक्य प्रत्येक कामगाराला ऐकवलं जातं, आणि ऐकून कामगारालाच मालकाची दया येते. मला त्यांच्या त्या चांगुलपणाचा आदर आहे, पण कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. मालकाच्या हाताबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणानं कारखाना बंद झाला, तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारापर्यंत मर्यादित राहते, अशी सवलत खरोखर आहे. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की नुसती आर्थिक अडचण, तोटा किंवा माल न खपता साठून राहणं एवढ्यानं ते 'टाळता न येणारं कारण' ठरत नाही. परदेशी माल स्वस्त आला, आपला माल गोडाऊनमध्ये पडला, नुकसान झालं, ही गोष्ट बहुतेक वेळा याच वर्णनात बसते. म्हणजे पूर्ण भरपाई. १९४७ च्या कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही आहे.

दुसरं वाक्य: 'आपला कारखाना लहान आहे, आपल्याला कायदा लागत नाही.' बंद करण्याआधी ६० दिवस सरकारला कळवण्याची अट पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला नाही, हे खरं. सरकारची आगाऊ परवानगी तर आता ३०० किंवा जास्त कामगार असतील तरच लागते, पूर्वी ती १०० ला लागायची. पण भरपाई या आकड्यांवर ठरत नाही. वीस माणसांच्या कारखान्यातल्या कामगारालाही १५ दिवसांच्या हिशोबानं भरपाई आहे.

आणि सगळ्यांना नाही, काहींनाच कमी केलं असेल, तर शेवटी आलेला आधी जातो, हा नियम आहे. जुन्याला काढून नव्याला ठेवलं असेल, तर त्याचं कारण लेखी मागा. वर्षभरात पुन्हा भरती झाली, तर आधी कमी केलेल्यांना बोलवायचं असतं. म्हणून गावाकडे परत जाणार असाल तर पत्ता आणि मोबाइल लेखी देऊन ठेवा.

कामगार कार्यालय आणि मोफत वकील

मालकानं पैसे दिले नाहीत, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जायचं. जळगावला सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, धुळे-नंदुरबारच्या लोकांनी आपापल्या जिल्ह्यात जावं. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा करा, भरपाईचा वेगळा, राहिलेल्या पगाराचा वेगळा. एकाच कागदावर सगळं लिहिलं की एकाच्या कारणानं दुसरं अडतं. शक्य असेल तर चार-पाच जण मिळून जा, पण अर्ज प्रत्येकाचा स्वतःचा, स्वतःच्या तारखा आणि आकड्यांसह. तिथे आधी दोन्ही बाजूंना बोलावून समेट करायचा प्रयत्न होतो. समेटात कमी आकड्यावर यायचं की नाही, हे घरी ठरवून जा. तिथल्या खुर्चीत बसून ठरवू नका.

उशीर करू नका. कामावरून कमी केल्याचा वाद नेण्याची मुदत जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोन आहे.

प्रकरण कोर्टात गेलं, तर वकिलाच्या फीला घाबरून मागे फिरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज द्या. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

ईएसआयसी: बेकारी भत्ता

पगाराच्या चिठ्ठीत ईएसआयसीचे ०.७५ टक्के कापले जात होते का, ते बघा. कापले जात असतील, तर तुमच्या नावावर विमा आहे, आणि तो फक्त दवाखान्यापुरता नाही.

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून आहे. कारखाना बंद झाला, कपात झाली किंवा कामावरच्या अपघाताखेरीज ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर हा भत्ता मिळतो. किमान दोन वर्षं वर्गणी भरलेली हवी. एकूण २४ महिने: पहिले १२ महिने सरासरी पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. आपल्या १३,००० च्या उदाहरणात साधारण साडेसहा हजार महिना, दुसऱ्या वर्षी सव्वातीन हजार. त्या काळात तुमचे आणि कुटुंबाचे औषधोपचारही चालू राहतात. घरात शुगर-बीपीची म्हातारी माणसं असतील, तर भत्त्याइतकंच मोल या औषधांचं आहे.

राजीनामा दिलेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, शिस्तभंगावरून काढलेला आणि टाळेबंदी चालू असलेल्या कारखान्यातला कामगार यात बसत नाही. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. गेटवर 'टाळेबंदी' असं लिहिलं आहे की 'बंद', यावर अर्ज टिकतो की पडतो. सूचनाफलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारखेसह. अर्ज आपल्या शाखा कार्यालयात करायचा असतो आणि कारखाना बंद झाल्याचा किंवा कपातीचा दाखला जोडावा लागतो. मालकाकडून दाखला मिळत नसेल, तर कामगार कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच जोडून शाखाधिकाऱ्याला लेखी कळवा.

दुसरी योजना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. इथे आयुष्यात एकदाच, ९० दिवसांपर्यंत, सरासरी रोजाच्या ५० टक्के मिळतात. काम सुटून ३० दिवस झाल्यावर अर्ज करता येतो. ठरावीक काळाचा विमा आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्ज करण्याआधी शाखेत ती चालू आहे का, ते विचारा. दोन्ही भत्ते एकाच वेळी मिळत नाहीत, त्यामुळे कारखाना बंद झालेल्यानं आधी पहिली योजना बघावी.

पीएफ: काढण्याआधी थांबा

काम सुटल्यावर सगळ्यात आधी लोक पीएफकडे धावतात. मी सांगते, शक्य असेल तर तो शेवटी काढा. तो पैसा बुडत नाही, बाकीच्या हक्कांना मात्र मुदत आहे.

पैसे लागणारच असतील, तर नियम माहीत असू द्या. आतापर्यंत एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी बाकी रक्कम काढता येत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ चालवणाऱ्या संस्थेच्या, केंद्रीय विश्वस्त मंडळानं ठरवलं की ७५ टक्के लगेच, पण पूर्ण रक्कम १२ महिन्यांच्या बेकारीनंतर, आणि पेन्शनची रक्कम ३६ महिन्यांनंतर. अर्ज भरताना पोर्टलवर त्या दिवशी कोणता नियम दिसतो, ते वाचा.

अडचण बहुतेकदा नावात येते. आधारवर 'सुशिलाबाई', पीएफमध्ये 'सुशिला'. आधारवर 'भाऊलाल' पूर्ण, पीएफमध्ये नुसतं 'बी.'. लग्नाआधीचं नाव एकीकडे, नंतरचं दुसरीकडे. जन्मतारीख तर कितीतरी जणांची १ जून किंवा १ जानेवारी. दुरुस्तीच्या जोडपत्रावर (जॉइंट डिक्लरेशनवर) बऱ्याचदा मालकाची संमती लागते, म्हणून कारखान्याच्या ऑफिसात कोणी बसतंय तोवर हे करून घ्या. कुलूप लागल्यावर हेच काम फार लांबतं. 'काम सोडल्याची तारीख' मालकानं भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता.

पाच वर्षं पूर्ण होण्याआधी पीएफ काढला आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल, तर एरवी कर कापतात. पण मालकाचा धंदा आक्रसल्यामुळे किंवा बंद पडल्यामुळे, म्हणजे तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं नोकरी गेली, तर ती रक्कम पाच वर्षांच्या आतही करमुक्त आहे. इथेही तोच कागद उपयोगी पडतो, कपातीचं किंवा बंदचं पत्र.

दहा वर्षं झाली असतील, तर पेन्शनचे पैसे काढायचा विचारही करू नका, योजना प्रमाणपत्र (झालेली सेवा पुढे मोजली जावी म्हणून मिळणारा कागद) घ्या. ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. पुढे सुरतला किंवा चाकणला कामाला लागलात, तर त्याच यूएएनवर सेवा जोडली जाते. आणि टक्केवारीवर पीएफ काढून देणाऱ्या माणसाला ओटीपी सांगू नका. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ईपीएफओचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं, तिथे अधिकारी समोर बसून ऐकतो. त्या दिवशी जा.

ठेकेदाराकडचे, आणि दिवाळखोरीत गेलेला कारखाना

ठेकेदारानं पगार बुडवला, तर मूळ कारखानदार जबाबदार असतो. पीएफ आणि ईएसआयसीचंही तसंच. यावल-चोपड्याकडून सातपुड्यातून आलेले पावरा मजूर ठेकेदाराचं फक्त पहिलं नाव सांगू शकतात. त्यांनी निदान कारखान्याचं नाव, सुपरवायझरचं नाव आणि काम केलेले महिने लिहून घ्यावेत. ज्याला लिहिता येतं त्यानं शेजाऱ्याचंही लिहावं.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, दावा दाखल करण्याच्या शेवटच्या तारखेसह. ती तारीख सोडू नका. कामगारांचा दावा वेगळ्या नमुन्यात असतो आणि सगळ्यांच्या वतीनं एक प्रतिनिधीही तो भरू शकतो. कंपनी मोडीत काढून तिची मालमत्ता विकायला निघाली, तर त्याआधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी बँकांच्या तारण कर्जाच्या बरोबरीनं उभी राहतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटी निधीतला पैसा तर घेणेकऱ्यांच्या वाटणीत धरतच नाहीत.

पुढचं काम

राज्य सरकारच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवा आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात एकदा समक्ष जा. लूम चालवणाऱ्याला एक्स्ट्रुडर (दाणा वितळवून पट्टी काढणारं मशीन) शिकणं फार अवघड नसतं. आयटीआयचे अल्पमुदतीचे कोर्स कोणते चालू आहेत, ते तिथेच कळतं.

स्वतःचा धंदा काढायचा असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. उत्पादनाला ५० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प, १५ ते ३५ टक्के अनुदान. ग्रामीण भागात आणि महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक अशा गटांना जास्त. माझं मत विचाराल तर ग्रॅच्युइटी हातात आली म्हणून लगेच गाळा भाड्यानं घेऊ नका. ज्या मालाला परदेशी मालानं मारलं, तोच माल पुन्हा करायला जाऊ नका.

घरच्या आजारपणासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ईएसआयसीचा हक्क संपण्याआधीच कार्ड काढून ठेवा.

सुरतची गाडी पकडण्याआधी मात्र कामगार कार्यालयातला अर्ज, ईएसआयसीचा अर्ज आणि नावाची दुरुस्ती ही तीन कामं जळगावातच उरकून घ्या. तिकडे नव्या कारखान्यात विमा लागला की इकडचा बेकारी भत्ता थांबतो, त्यामुळे रुजू झाल्याची तारीख शाखेला कळवा. ग्रॅच्युइटी आणि भरपाईची मागणी नव्या कामामुळे बंद होत नाही. सुनावणीच्या तारखांसाठी गावात राहणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला लेखी अधिकारपत्र देऊन ठेवा आणि त्याच्याकडे सगळ्या कागदांच्या झेरॉक्स द्या. मूळ कागद कोणालाच देऊ नका, वकिलालाही नाही.